कात्री अडवणारे औषध

१ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन. या विषयावर वर्गात बोलायला सुरुवात केली की हमखास प्रश्न येतो, "एड्सवर औषधच नाही ना?" औषध आहे. ते रोग समूळ घालवत नाही, पण त्याला आवर घालते. अशा औषधांपैकी एका गटाची आज ओळख करून घेऊ.

एचआयव्ही हा विषाणू आपल्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडून स्वतःची प्रथिने तयार करून घेतो. ही प्रथिने लांब साखळीत जोडलेली असतात. प्रोटीएज नावाचे विकर ती साखळी ठरावीक ठिकाणी कापते. शिंप्याने कापड बेतून कापल्याशिवाय सदरा शिवता येत नाही, तसेच हे. प्रोटीएज रोधक औषध या कात्रीच्या पात्यांतच अडकून बसते. मग बाहेर पडणारा विषाणू अर्धवट राहतो आणि नव्या पेशीला बाधा करू शकत नाही.

या गटातील पहिले औषध, साक्विनाविर, डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि तेथील मृत्यू झपाट्याने घटले. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीचे औषधोपचार मोफत सुरू केले. आज आपल्याकडे उपचाराची सुरुवात सहसा दुसऱ्या गटातील औषधांनी होते. ती लागू पडेनाशी झाली, तर अटाझानाविर किंवा लोपिनाविर ही प्रोटीएज रोधके उपयोगी पडतात. सोबत थोडे रिटोनाविर देतात. त्यामुळे यकृतात मुख्य औषधाचे विघटन सावकाश होते व ते रक्तात जास्त वेळ टिकते.

गोळी मात्र रोज, वेळेवर आणि जन्मभर घ्यावी लागते. वारंवार चुकली तर विषाणू वाढतो, बदलतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. लग्नघरी किंवा सहलीला "कुणी पाहील" या भीतीने गोळी टाळली जाते. ही भीती आपल्या कुजबुजीतून येते. एका बाकावर बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने किंवा एकाच नळाचे पाणी प्यायल्याने एचआयव्ही होत नाही. २०१७ च्या कायद्यानुसार या कारणावरून शाळेत भेदभाव करता येत नाही.

उद्या आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलाला अशी गोळी घ्यावी लागली, तर त्याला ती लपवावी लागू नये. पालकांनी, विश्वस्तांनी आणि आम्ही शिक्षकांनी एवढे तरी पाहू या.