तेरा मीटर

परवा सकाळी मी आमच्या गल्लीत खडूने दोन रेघा मारल्या. पहिली इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी, दुसरी तिथून 13 मीटरवर. शिवणकामाची टेप पुरेना, म्हणून ढांगा टाकत मोजलं. इस्त्रीवाल्याने विचारलं, "पाइप टाकताय का?"

पाइप नव्हे. ताशी 30 किलोमीटरने येणाऱ्या गाडीच्या चालकाला समोर मूल दिसलं, तर त्या क्षणापासून गाडी थांबेपर्यंत साधारण 13 मीटर लागतात. त्यातले आठ तर ब्रेक लागण्याआधीच जातात. डोळ्यांना दिसायचं, मेंदूला उमगायचं, पाय उचलून ब्रेकवर यायचा, यात सेकंदभर जातो. उरलेल्या पाच मीटरमध्ये गाडी उभी राहते. अर्थात रस्ता कोरडा आणि टायर धड असतील तर.

आता गाडी तीच, चालक तोच, फक्त काटा 50 वर. या वेगाने एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर कापले जातात. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली, तिथून जाताना दुसऱ्या गाडीच्या चालकाचा पाय अजून ब्रेकला लागलेलाही नाही! दुसऱ्या रेघेच्या किंचित पुढे उभं असलेलं मूल पहिल्या गाडीपुढे नुसतं दचकतं. दुसरी त्याला जवळजवळ पूर्ण वेगाने धडकते. हा हिशेब मी तीनदा केला, कारण मन मानेना. फरक तर 20 चाच ना?

काट्यावर 20 चा. पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. तिसाचा वर्ग 900, पन्नासाचा 2500, म्हणजे पावणेतीन पटींहून जास्त. उंचीत सांगायचं तर ताशी 30 म्हणजे साडेतीन मीटरवरून, पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून पडणं. ताशी 50 म्हणजे जवळपास दहा मीटर, थेट तिसरा मजला.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने 1992 मध्ये मुख्य रस्त्यांना 50 ठेवलं आणि बाकी सगळ्या शहराला 30 ची मर्यादा लावली. युरोपात अख्ख्या शहरासाठी असं करणारं ते पहिलंच. पॅरिसने 2021 मध्ये बहुतेक रस्त्यांवर तोच आकडा आणला. पण मला खरं चकित केलं ते हेलसिंकीने. तिथे आज निम्म्याहून जास्त रस्त्यांवर 30 ची मर्यादा आहे, आणि जुलै 2024 पासूनच्या बारा महिन्यांत सुमारे सात लाख वस्तीच्या त्या राजधानीत रस्ते अपघातात एकही माणूस दगावला नाही. एकही नाही! हे नुसत्या पाट्यांनी झालेलं नाही. त्यांनी रस्ते अरुंद केले, कडेला झाडं लावली, कॅमेरे बसवले. रुंद, मोकळा रस्ता पायाला दाबायला सांगतो. चिंचोळ्या रस्त्यावर पाय आपोआप उचलला जातो.

लोकांना हे आवडतंच असं नाही. वेल्समध्ये सप्टेंबर 2023 पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांची मर्यादा ताशी 30 मैलांवरून 20 वर, म्हणजे 32 किलोमीटरवर आली. तेव्हा जेमतेम 31 लाखांच्या त्या देशात विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या. गंमत अशी की तिथल्या रस्त्यांवर 'सावकाश' या अर्थाचा 'आराव्ह' हा वेल्श शब्द आधीपासून मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो. चिडणाऱ्यांचं मला कळतं. मोकळ्या रस्त्यावर 30 ने चालवताना गाडी ढकलत नेल्यासारखं वाटतं. पण आमच्या गल्लीपुरता हिशेब केला, तर 400 मीटरच्या गल्लीत 50 ऐवजी 30 ने गेल्यास 19 सेकंद जास्त लागतात. इस्त्रीवाल्याची एक बाही व्हायला याहून जास्त वेळ लागतो.

आमच्याकडे उपाय एकच, गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच, गोलसर हवा, म्हणजे गाडी ताशी 25 ने अलगद पार होते. आमचा एका रात्रीत उगवला. बैलाच्या वशिंडासारखा उंच, आणि दोन्ही टोकांना गटारापर्यंत हातभर फट. मोटारी त्यावर कण्हत चढतात. दुचाकीवाले वेग न सोडता फटीतून निघतात, आणि शाळेची मुलंही कडेकडेने चालत तिथूनच जातात.