डिव्हिडंड येतोय, पण कुठून?

बँकेच्या मुदत ठेवीवर सहा-सात टक्के मिळत असताना एखादा शेअर दहा टक्के डिव्हिडंड देतो असं कळलं, की कोणाचंही मन चाळवणारच. घरखर्चातून चार पैसे बाजूला टाकणाऱ्या बाईचं तर नक्कीच! पण मैत्रिणींनो, दहा टक्के हा आकडा दोन कारणांनी दिसू शकतो. एक म्हणजे कंपनी खरोखरच उदार आहे. दुसरं म्हणजे शेअरचा भाव इतका कोसळला आहे, की जुनाच डिव्हिडंड त्यापुढे मोठा दिसतो. दुसरी गोष्ट कशी घडते, हे पाहण्यासाठी एका परदेशी कंपनीचा हिशेब मांडू. तिचा आपल्या मुंबईशी जवळचा संबंध होता, म्हणून मुद्दाम तिचीच निवड केली.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात 1825 साली स्थापन झालेली स्टँडर्ड लाइफ ही जुनी विमा कंपनी. 2006 साली ती शेअरबाजारात आली, तेव्हा लाखो विमेदारांना तिचे शेअर्स मिळाले. म्हणजे भागधारक कोण, तर साधीसुधी माणसं आणि कितीतरी पेन्शनर. 2017 मध्ये अ‍ॅबर्डीन ही दुसरी कंपनी तिच्यात विलीन झाली. दुसऱ्यांचे पैसे गुंतवून द्यायचे आणि त्याबद्दल शेकडा ठरावीक फी घ्यायची, हा या जोड-कंपनीचा मुख्य धंदा. विम्याचा व्यवसाय 2018 मध्ये फिनिक्स या कंपनीला विकला.

या धंद्याची मेख कळायला आपली डब्यांची खानावळ बरी. चाळीस डबे असतात तेव्हा गॅस, स्वयंपाकीण, जागेचं भाडं सगळं निघून चार पैसे उरतात. डबे पंचवीसवर आले म्हणून स्वयंपाकीण काही पगार कमी घेत नाही. इथेही तसंच. गिऱ्हाइकाने पैसे काढून घेतले, की फी त्याच दिवशी आटते, खर्च मात्र तसाच राहतो. 2018 मध्ये लॉइड्स या बँकसमूहाने 109 अब्ज पौंडांचं काम काढून घेण्याची नोटीस दिली. त्यात शेजारी स्वस्त खानावळ निघाली, ती म्हणजे निर्देशांकाच्या मागे जाणारे कमी फीचे फंड. सर्वसाधारण गिऱ्हाईक तिकडे वळू लागलं.

2017 मध्ये शेअर चारशे पेन्सच्या वर होता, 2024 च्या अखेरीस तो दीडशेच्या आत आला. 2020 सालासाठी डिव्हिडंड 21.6 पेन्सवरून 14.6 पेन्सवर उतरवला आणि मग तिथेच रोखून धरला. मे आणि सप्टेंबरमध्ये 7.3 पेन्सचे दोन हप्ते. 146 पेन्स भावाला 14.6 पेन्स म्हणजे बरोबर दहा टक्के. आता कळलं ना, दहा टक्के कुठून आले ते?

2021 मध्ये कंपनीने नावातले स्वर गाळून टाकले. त्या नावाची भरपूर थट्टा झाली आणि 2025 मध्ये स्वर परत आले. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्यापैकी कितीतरी जणींना ठाऊक आहे, की नाव बदललं म्हणून वाण्याची उधारी बदलत नाही.

आता मुख्य हिशेब. शेअर्स साधारण 1.8 अब्ज. प्रत्येकी 14.6 पेन्स म्हणजे वर्षाला सुमारे 26 कोटी पौंड वाटायचे. आणि चालू धंद्यातला नफा किती? कंपनीच्याच मोजणीने 2023 मध्ये 24.9 कोटी आणि 2024 मध्ये 25.5 कोटी पौंड. जेवढं कमावलं, तेवढं किंवा थोडं जास्तच वाटलं! महिन्याचा पगार महिन्यात संपवणाऱ्या घरासारखं. आजारपण आलं की संपलंच.

मग आतापर्यंत निभावलं कशावर? दागिन्यांवर. स्टँडर्ड लाइफने फार पूर्वी एचडीएफसीबरोबर भागीदारी करून आपल्याकडच्या विमा कंपनीत आणि म्युच्युअल फंड चालवणाऱ्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला होता. त्याचं मोल पुढे पुष्कळ वाढलं. हा हिस्सा ती थोडा-थोडा विकत गेली आणि 2023 च्या मे-जूनमध्ये दोन्हीकडचा उरलासुरलाही विकून मोकळी झाली. मुंबईतलं सोनं कामी आलं खरं, पण मोडलेला दागिना पुन्हा मोडता येत नाही. फिनिक्समधला सुमारे दहा टक्के हिस्सा 2024 मध्ये शिल्लक होता. त्यावर वेगळा डिव्हिडंड मिळतो, हीच काय ती शिदोरी.

अगदीच निराशा नाही. 2022 मध्ये या कंपनीने सामान्य गुंतवणूकदारांना शेअर घ्यायला-विकायला सोय करून देणारी एक कंपनी दीड अब्ज पौंडांना घेतली. तिने 2024 मध्ये 11.6 कोटी पौंड मिळवून दिले. पैसे गुंतवण्याचा मूळ धंदा मात्र केवळ 6.1 कोटींवर! सुनेने घर सावरावं, तसा प्रकार. जानेवारी 2024 मध्ये सुमारे पाचशे नोकऱ्या कमी करून खर्चाला कात्री लावायचंही जाहीर झालं. माझ्या मते शेअरबाजार बरा राहिला, तर 14.6 पेन्स काही काळ टिकतील. वाढण्याची आशा धरू नये. आणि बाजार एखादं वर्ष जरी जोरात पडला, तर पहिली कुऱ्हाड डिव्हिडंडवरच येईल. बाजार पडला की फीही पडते, हे विसरून चालत नाही.

आपल्याकडे फंड चालवणाऱ्या कंपनीचे शेअर्स घेताना हाच ताळा घ्यावा. वार्षिक अहवालात नफ्याचा आकडा आणि वाटलेल्या डिव्हिडंडचा आकडा शेजारी शेजारी लिहून काढा. पाच वर्षांचे लिहिलेत तर उत्तम. यजमानांनी "तुला काय कळतं त्यातलं" म्हटलं, तरी लिहाच.

एक गल्लत मात्र नेहमी होते. फंड चालवणारी कंपनी वेगळी, तिचा फंड वेगळा. म्युच्युअल फंडाच्या योजनेतून दरमहा येणारी रक्कम हा कंपनीचा नफा नव्हे. तो तुमच्याच युनिटांतून काढलेला पैसा असतो आणि तेवढी युनिटांची किंमत उतरते. म्हणूनच सेबीने एप्रिल 2021 पासून त्या पर्यायाच्या नावातला 'डिव्हिडंड' शब्द काढून टाकायला लावला. नव्या नावात भांडवल काढून घेण्याचा उल्लेख स्पष्ट आहे. शिवाय 2020 पासून दोन्हीकडून आलेली रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते आणि त्यावर तिला कर बसतो. तेव्हा दहा टक्क्यांची तुलना ठेवीशी करायची, तर दोन्ही बाजूंचा कर वजा करून करावी.