जन्म उसाच्या फडात, दाखला कुठला?

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेची गर्दी उसळते. आसपासच्या वाड्या-तांड्यांतल्या कितीतरी घरांना मात्र तोवर कुलूप लागलेले असते. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी टोळीबरोबर कारखान्यांकडे जातात ती पट्टा पडल्यावरच परततात. मधल्या महिन्यांत कोपीवर बाळंतपणेही होतात. अशाच कोपीत जन्मलेली एक मुलगी या जूनमध्ये आमच्या वर्गात आली.

प्रवेश अडला नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदाच सांगतो. पण जन्मदाखला विचारला तेव्हा तिचे अब्बा म्हणाले, "आधार हाय की, बाई. अजून काय पाहिजे?"

आधारने ओळख पटते. ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिले आहे. नागरिकत्व ठरते १९५५ च्या कायद्याने. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याला आपला जन्म इथला हे दाखवले की पुरते. त्यानंतर जन्मलेल्याला आई किंवा वडील भारतीय असल्याचे दाखवावे लागते. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली: दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे मुलीच्या दाखल्याबरोबर अम्मी-अब्बांचेही कागद आले.

आमच्या ओळखीच्या एका घरात सून कराचीहून आली. सात वर्षे इथे राहून तिने अर्ज केला आणि पुढे नोंदणीने ती भारतीय झाली. मुलगा त्याआधीच इथे जन्मला होता. वडील भारतीय, आई रीतसर व्हिसावर, म्हणून तो जन्मापासूनच नागरिक. पण ते दाखवायला आईच्या त्या वेळच्या व्हिशाची प्रत लागते, आणि ती मंडळी जुने कागद फेकून द्यायला निघाली होती! परदेशी आईबापांचे परदेशात जन्मलेले मूल मात्र आईवडिलांना नागरिकत्व मिळाले म्हणून आपोआप भारतीय होत नाही. कलम ५ खाली त्याचा वेगळा अर्ज करावा लागतो.

आमच्या विद्यार्थिनीची अडचण साधी, पण वेळखाऊ. जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते, आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत नाही. मुदत २१ दिवसांची. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. अब्बा मजुरी बुडवून त्या जिल्ह्यात गेले, तर आधी नोंद नसल्याचा दाखला आणा म्हणून परत पाठवले. त्यात २०२५ च्या जानेवारीत राज्यात उशिराच्या नोंदी काही काळ थांबवल्या गेल्या. आता चौकशी कडक आहे. हाताशी आहे ते तिचे लसीकरणाचे कार्ड. अम्मीने ते पेटीत, वाकळेच्या घडीत जपून ठेवले होते. शाळेचे पत्र आम्ही दिले.

धाकटा भाऊ सरकारी दवाखान्यात जन्मला, त्यामुळे त्याची नोंद आपोआप झाली. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, मतदारयादी, सगळीकडे जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागणार, आणि तो त्यांतलाच. पण नावाचा रकाना कोरा होता. नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येते, तरी थांबू नका, असे आम्ही म्हटले. मग 'शेख' आधी की शेवटी यावर घरात दोन दिवस वाद झाला. अब्बांच्या आधारवर जसे आहे तसेच लिहा, एवढेच आम्ही सांगितले.

त्याचे नाव गेल्या आठवड्यात चढले. बहिणीची फाईल अजून तहसिलीत आहे.