ताजी भाजी आणि गोठवलेली भाजी

नाशिककरांना ताज्या भाजीचे कौतुक नव्याने सांगायला नको. पंचवटीतील बाजार समितीत भाजीचे लिलाव होतात, मुंबईकडे गाड्या रवाना होतात आणि त्यातलीच मेथी-कोथिंबीर आपल्या पिशवीत येते. अशा गावात गोठवलेल्या मटारची पिशवी घरात आली, की ‘हे शिळे कशाला आणलेस?’ असा प्रश्न हमखास होतो. तो रास्त आहे का, हे समजून घेऊ या.

भाजी तोडली तरी तिची जीवनक्रिया थांबत नाही. ती श्वास घेत राहते, साठवलेली साखर वापरते, पाणी गमावते. मटारात हे चटकन जाणवते. तोडल्यापासून त्यातील साखरेचे पिठात रूपांतर होऊ लागते. म्हणून शेतावर गोड लागणारा दाणा चार दिवसांनी पिठूळ लागतो. ‘क’ जीवनसत्त्वही घटत जाते, पालेभाजीत तर झपाट्याने. तेव्हा भाजी ताजी आहे की नाही हे दुकानावर नव्हे, तोडणीनंतर किती तास गेले यावर ठरते.

कारखान्यात तोडलेला मटार लवकरात लवकर सोलून एक-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात किंवा वाफेत धरतात. त्याने दाण्यातील विकरे म्हणजे एन्झाइम्स निष्क्रिय होतात. ती जागी राहिली तर गारठ्यातही रंग आणि चव बिघडवतात. मग दाणे झटपट गोठवून उणे 18 अंश सेल्सिअसला ठेवतात. हळू गोठवले तर बर्फाचे मोठे स्फटिक होऊन पेशी फाटतात आणि भाजी लगदा होते. झटपट गोठवले तर स्फटिक बारीक राहतात. अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्‌सआय यांनी हे तत्त्व व्यवहारात आणले आणि 1930 मध्ये स्प्रिंगफील्ड येथे असा माल दुकानात विकायला ठेवला. आज आपल्या दिंडोरी तालुक्यात, मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीतही शेतमाल गोठवला जातो.

पोषणाचे काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी आठ फळे-भाज्या तपासून 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. गोठवलेल्या मालात ‘क’ जीवनसत्त्व ताज्याइतकेच, काहींत अधिकच आढळले. मात्र मटार, गाजर, पालक यांतील बीटा कॅरोटिन बरेच घटले होते. म्हणजे गोठवलेली भाजी निःसत्त्व नसते, पण सर्व बाबतींत ताज्याच्या बरोबरीची असते असेही नाही.

स्वयंपाकात मात्र दोहोंना एकच रीत चालत नाही. गोठवलेला मटार आधीच अर्धवट शिजलेला असतो. तो बाहेर काढून वितळवत ठेवू नका. थेट गरम फोडणीत टाका आणि आच मोठी ठेवा. वरून पाणी कमीच घाला, कारण त्याचे स्वतःचे पाणी सुटते. उसळीत नारळाचे वाटण आधी शिजवून मटार शेवटी घालावा. पुलाव, उपमा, पावभाजी यांत तो उत्तम चालतो. फ्लॉवर आणि फरसबी रश्श्यात चालतात, पण कोरड्या परतलेल्या भाजीत मऊ पडतात. काकडी, कोशिंबिरीचा टोमॅटो आणि मेथीची परतून भाजी यांना ताज्याखेरीज पर्याय नाही.

गोठवलेली भाजी कच्ची मात्र खाऊ नये. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते थिजतात. युरोपात 2015 ते 2018 या काळात गोठवलेल्या मक्यातून लिस्टेरिया जंतूंचा संसर्ग पसरला आणि नऊ जण दगावले. कोशिंबिरीत मका-मटार घालायचे तर आधी चांगले शिजवून घ्यावेत.

विकत घेताना पिशवी हलवून पाहावी. दाणे सुटे वाजले तर ठीक. सगळ्यांचा गोळा झाला असेल, तर माल मधे वितळून पुन्हा गोठला असण्याची शक्यता असते. घरीही वितळलेली भाजी परत गोठवू नये, आणि वीज गेली तर फ्रीजचे दार उगाच उघडू नये.

थंडीत मटार स्वस्त असताना घरीही साठवता येतो. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावेत, फडक्यावर कोरडे करावेत आणि ताटात एका थरात गोठवून मग पिशवीत भरावेत. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात पुरेसा गारठा नसतो; तिथे ठेवलेला मटार दोन-तीन आठवड्यांत संपवावा.

थोडक्यात, हंगामात आणि जवळच्या शेतातली भाजी मिळत असेल तर तिला तोड नाही, आणि चार पैसे आपल्याच शेतकऱ्याच्या हाती पडतात. पण हंगाम सरल्यावर महागडी, कोमेजलेली शेंग घेण्यापेक्षा गोठवलेला दाणा खिशाला आणि जिभेलाही बरा. पिशवी पाहून नाक मुरडण्याआधी समोरची ‘ताजी’ भाजी कधी तोडली, एवढे भाजीवाल्या मावशींना जरूर विचारावे.