जुना पिस्टन पुन्हा वापरताना...
टर्बोचार्जर असलेल्या मोटारीचे इंजिन नव्याने बांधताना कातकाम केलेले जुने पिस्टन पुन्हा बसवून खर्च वाचवण्याचा मोह होतो. मात्र, कॉम्प्रेशन कमी करण्यासाठी पिस्टनचा माथा कातला की त्याची जाडी घटते; टर्बोमुळे वाढलेला दाब आणि उष्णता तर त्यालाच सोसावी लागते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतील भेगा चुंबकीय तपासणीत दिसत नाहीत. त्यासाठी भेगेत झिरपणाऱ्या रंगीत द्रवाची चाचणी करतात. रिंगांच्या खाचांची झीज, पिस्टनचा व्यास आणि सर्व पिस्टनांचे वजन समान असल्याची खातरजमाही आवश्यक असते. सिलिंडर बोअर करून मोठा केल्यास जुने पिस्टन सैल पडतात. बारीकशी भेग आढळली, तरी पिस्टन बाद करावा. तो फुटल्यास संपूर्ण इंजिनच निकामी होऊ शकते.