गोडाऊनची राखण यंत्राकडे, माणसाची पारख आपल्याकडे

कापडाच्या धंद्यात माल विकण्याइतकेच माल सांभाळण्याचे काम मोठे आहे. आमचे भिवंडीत ग्रे कापडाचे गोडाऊन आहे. तेथे अनेक वर्षे चार कॅमेरे होते. पण त्यांचा उपयोग एवढाच, की चोरी झाल्यावर चोराची पाठ पाहायची. खरी राखण चौकीदाराची, आणि तोही माणूसच. पहाटे त्याचा डोळा लागायचा.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे आले आहेत. गेल्या वर्षी आम्हीही ते बसविले. जुनी यंत्रणा समोर काहीही हलले की घंटा वाजवी. मांजर, उंदीर, दिव्याभोवतीचे पतंग, पावसाची सर, सगळे तिला सारखेच. रोजच्या खोट्या घंटेला कंटाळून आम्ही ती बंदच करून टाकली होती. नव्या यंत्राला असंख्य चित्रे दाखवून माणूस कोणता, टेम्पो कोणता, जनावर कोणते हे शिकविलेले असते. पडद्यावर फाटकापाशी एक रेघ आखून द्यावी. रात्री दहानंतर माणसाने वा गाडीने ती ओलांडली की आपल्या मोबाईलवर लगेच इशारा येतो. काही कॅमेरे धूरही ओळखतात. उंच छताच्या गोडाऊनमध्ये धूर वरच्या डिटेक्टरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. कॅमेऱ्याला तो गाठींमधून उठतानाच दिसू शकतो. कापडवाल्याला चोरापेक्षा आगीचे भय अधिक, हे सांगायला नको.

एवढ्यावर आम्ही थांबलो असतो तर बरे झाले असते. कॅमेरे विकणाऱ्याने सुचविले की चेहरा ओळखण्याची सोयही घ्या, कामावरून काढलेल्यांचे फोटो यादीत घाला. आम्ही घातले. एके संध्याकाळी यंत्राने आमच्याच एका जुन्या हमालाचा चेहरा त्या यादीतील माणसाशी जुळविला. नव्या चौकीदाराने त्याला फाटकावर चारचौघांत अडवून पिशवी उघडायला लावली. पिशवीत जेवणाचा रिकामा डबा होता. वीस वर्षे आमच्या गाठी वाहणारा तो माणूस! आम्ही माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, पण पुढे कित्येक दिवस आमच्या गद्दीवर त्याने चहा घेतला नाही. ती यादी आम्ही त्याच आठवड्यात पुसून टाकली.

हा तजुर्बा एकट्या आमचा नाही. अमेरिकेतील राइट एड या औषध-दुकानांच्या साखळीने 2012 ते 2020 या काळात शेकडो दुकानांत अशीच यंत्रणा चालविली. खोट्या इशाऱ्यांवरून निरपराध गिऱ्हाइकांचा पाठलाग झाला. एका अकरा वर्षांच्या मुलीचीही झडती घेतली गेली. डिसेंबर 2023 मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीवर पाच वर्षे चेहरा-ओळख न वापरण्याचे बंधन घातले. त्याआधी 2019 मध्ये अमेरिकेच्याच निस्ट या सरकारी संस्थेने अशा प्रणाली तपासल्या होत्या. त्यांतील काही प्रणाली आशियाई व कृष्णवर्णीय चेहऱ्यांच्या बाबतीत दहा ते शंभर पट अधिक खोटी जुळणी करीत होत्या.

म्हणून आमचा सल्ला असा. फाटक, शटर आणि धूर यांवर यंत्राला जरूर नजर ठेवू द्यावी. इशारा आल्यावर आधी चित्र स्वतः पाहावे, मगच कोणाला हटकावे. कापडाच्या गोडाऊनमध्ये काचेवर तंतू व धूळ बसते, रात्रीच्या दिव्यापाशी कोळी जाळे विणतो. दर आठवड्याला काच पुसून घ्यावी. वीज गेली तरी कॅमेरा व इंटरनेट चालू राहील अशी बॅटरी ठेवावी. विकत घेतेवेळचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. 2016 मध्ये मिराई नावाच्या विषाणूने अशाच न बदललेल्या पासवर्डांमुळे लाखो कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. आणि चौकीदाराला काढू नये. मोबाईलवरचा इशारा आग विझवीत नाही, की कुलूप धरून ठेवीत नाही; धावून जातो तो माणूसच.

माल चोरीला गेला तर विमा मिळू शकतो. इमानदार माणसाची चारचौघांत गेलेली आब्रू कोणती विमा कंपनी भरून देणार?