मुंबईहून क्रूझ आहे? मग संभाजीनगरातून कधी निघायचं?

मंडळी, क्रूझचं तिकीट काढलं की सगळे आधी केबिन कोणती ते विचारतात. आपल्यासारख्या मराठवाड्यातल्या लोकांनी आधी विचारायचं ते गाडीचं. जहाज संध्याकाळी सुटणार असलं तरी चेक-इन त्याआधी बरंच लवकर बंद होतं. तिकिटावरची ती वेळ धरायची, सुटण्याची नाही.

रात्रीची देवगिरी एक्सप्रेस पकडली की सकाळी सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीने अगदी जवळ. वेळापत्रक बघून वाटतं, झकास! पण मनमाडपर्यंत एकेरी मार्गावरचं क्रॉसिंग, पुढे कसारा घाट आणि मग मुंबईच्या लोकलची गर्दी. गाडी दोन-तीन तास रखडली तर निभावतं, त्याहून जास्त झालं की पोटात गोळा. क्रूझच्याच दिवशीच्या वंदे भारतच्या भरवशावर तर अजिबात राहू नका, ती पोहोचेपर्यंत दुपार होते. रस्त्याने जायचं म्हणाल, तर समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला हे खरं, पण भिवंडी-ठाण्याची कोंडी त्याच्या पुढेच सुरू होते.

गंमत म्हणजे इंग्रजांच्या काळात पंजाब मेल, फ्रंटिअर मेल बॅलार्ड पिअरवरूनही सुटायच्या, विलायतेच्या बोटींचं टपाल आणि प्रवासी घेऊन. आता जहाज कुठल्याच गाडीसाठी थांबत नाही.

माझं मत: सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. एकटेदुकटे असाल तर देवगिरी चालेल. ओळखपत्र मात्र हातातल्या बॅगेत ठेवा.